स्पष्ट काय, धूसर काय आणि ते ठरवावे कोणी? : छायाचित्रणातील ‘डेप्थ ऑफ फील्ड’च्या नियंत्रणाचा इतिहास

प्रस्तावना

छायाचित्रणाच्या इतिहासाचे लेखन बहुधा दोन वाटांनी झालेले दिसते. एक वाट यंत्रांची आहे. तिच्यावर भिंगे, रासायनिक प्रक्रिया, फिल्म आणि कॅमेऱ्यांच्या सुधारणा क्रमाने भेटतात. दुसरी वाट कलावंतांची व त्यांच्या संप्रदायांची. या दोन्ही वाटा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे अभ्यासकाने थोडे थांबावयास हवे. ‘डेप्थ ऑफ फील्ड’ हा असाच एक छेदबिंदू आहे. मराठीत या संज्ञेला अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. छायाचित्रण शिकविणारे आणि शिकणारे दोघेही नुसते ‘डेप्थ’ म्हणून वेळ निभावतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘स्पष्टतेची खोली’ असा शब्दप्रयोग केला आहे.

कॅमेऱ्यापासून निरनिराळ्या अंतरांवर असलेल्या वस्तूंपैकी जवळच्या कोणत्या वस्तूपासून दूरच्या कोणत्या वस्तूपर्यंतचा भाग चित्रात रेखीव दिसावा, याची मर्यादा म्हणजे स्पष्टतेची खोली. ही मर्यादा लहानमोठी करता येते, हे आज कोणत्याही प्राथमिक पुस्तकात पहिल्या काही पानांतच सांगितलेले असते. त्यामुळे ही एक साधी हस्तकौशल्याची बाब आहे व यंत्रे सुधारत गेली तसतशी ती सोपी होत गेली, असा समज होणे स्वाभाविक आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. खोली कमीअधिक करण्याचे साधन इसवी सन १८५८ पर्यंत छायाचित्रकाराच्या हाती आले होते. ते वापरावे कसे, कोणासाठी आणि कोणत्या अधिकाराने, यावर पुढील ऐंशी-नव्वद वर्षे वाद चालला. या वादातील जवळजवळ प्रत्येक पक्षाने ‘सत्य आमच्याकडे आहे’ असेच म्हटले, ही त्यातील लक्षणीय गोष्ट होय.

भिंगाचा हिशेब

वादाकडे वळण्यापूर्वी त्यामागील प्रकाशशास्त्र थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. भिंग एका वेळी एकाच अंतरावरील वस्तूची पूर्ण रेखीव प्रतिमा पडद्यावर पाडते. त्या अंतराच्या अलीकडील वा पलीकडील बिंदूपासून आलेले किरण पडद्यावर बिंदूत न मिळता लहानशी चकती निर्माण करतात. ही चकती पुरेशी लहान असेल तर पाहणाऱ्याचा डोळा तिला बिंदूच समजतो आणि मोठी झाली की वस्तू धूसर वाटू लागते. म्हणजे ‘स्पष्ट’ आणि ‘अस्पष्ट’ यांच्यात निसर्गाने आखलेली रेषा नाही. डोळ्याची सहनशक्ती, छापील चित्राचा आकार आणि ते पाहण्याचे अंतर यांवरून ती रेषा माणसाने आखली आहे. पस्तीस मिलिमीटर फिल्मसाठी ही चकती सुमारे ०.०३ मिलिमीटर व्यासाची असली तर चालते, असे सर्वसाधारणपणे धरले जाते.

भिंगाचे छिद्र लहान केले की किरणांचा शंकू निमुळता होतो, चकत्या लहान होतात आणि खोली वाढते. छिद्राचा आकार ‘एफ’ अंकाने सांगतात. केंद्रांतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा अंक मिळतो. म्हणून अंक मोठा तितके छिद्र लहान. नवशिक्याचा पहिला गोंधळ येथेच होतो. पन्नास मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग दोन मीटरवरील व्यक्तीवर केंद्रित केले आणि छिद्र एफ/२ ठेवले, तर वरील मापाने साधारण १.९ मीटरपासून २.१ मीटरपर्यंतचा, म्हणजे जेमतेम वीतभर खोलीचा भाग स्पष्ट येतो. तेच छिद्र एफ/१६ केले तर ही मर्यादा सुमारे १.४५ मीटरपासून सव्वातीन मीटरपर्यंत विस्तारते. भिंगाचे केंद्रांतर वाढले किंवा वस्तू जवळ आली तर खोली झपाट्याने घटते.

या व्यवहाराची किंमत प्रकाशात मोजावी लागते. एफ/२.८ वरून एफ/१६ वर गेले की आत येणारा प्रकाश बत्तिसाव्या हिश्शावर येतो. जे चित्र सेकंदाच्या पाचशेव्या भागात घेता आले असते त्याला पंधरावा भाग लागतो. एवढ्या वेळात धावणारे मूल फरकटते. पायऱ्यांवर स्वस्थ बसलेल्या वृद्धाला त्याने काही फरक पडत नाही. स्पष्टतेची खोली ही अशी नेहमी कशाच्या तरी बदल्यात मिळते, आणि एकोणिसाव्या शतकात हा बदला अतिशय महाग होता.

दुधी काचेवरील शिक्षण

१८३९ साली डागेरची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली तेव्हा भिंगे अंधूक आणि पट्ट्या मंद होत्या. भर उन्हातही अनेक मिनिटांचा प्रकाश द्यावा लागे. इमारती आणि पुतळे त्यात उत्तम येत, माणसे मात्र टिकत नसत. १८४० मध्ये जोसेफ पेट्झवाल या गणितज्ञाने आकडेमोड करून एक तेजस्वी भिंग रचले आणि व्हिएन्नाच्या फॉइग्टलेंडरने ते घडविले. त्याचे छिद्र एफ/३.६ च्या आसपास होते. व्यक्तिचित्रणाचा धंदा उभा राहिला तो या भिंगावर. परंतु या तेजाबरोबर एक परिणाम न मागता आला. चित्राचा मध्य रेखीव आणि कडा विरघळलेल्या दिसू लागल्या. डोळ्यांवर फोकस केला तर कान आणि खांदे धूसर होऊ लागले. धूसरता प्रथम आली ती अशी, घाईची भरपाई म्हणून. तिला कोणी निवडले नव्हते.

निवडीचे साधन आले ते १८५८ मध्ये. हॅलिफॅक्सच्या जॉन वॉटरहाऊस यांनी भिंगाच्या नळीला एक खाच पाडून तीत निरनिराळ्या मापांची भोके असलेल्या धातूच्या पट्ट्या सरकविण्याची युक्ती सुचविली. भिंग न उघडता छिद्र बदलता येऊ लागले. पुढे पाकळ्यांचे छिद्र आले आणि पट्ट्या मागे पडल्या, तरी तत्त्व तेच राहिले. अडचण होती ती मापांची. प्रत्येक कारागिराच्या पट्ट्यांवरील अंक वेगळे. १८८१ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने ‘युनिफॉर्म सिस्टिम’ नावाची अंकपद्धती मांडली. तीत एफ/४ ला १, एफ/५.६ ला २ असे दुपटीने वाढणारे अंक होते. एफ/१६ ला या पद्धतीतही १६ च म्हणत. ही पद्धत काही दशके चालली आणि शेवटी एफ अंकांनी तिची जागा घेतली.

या काळातील शिकाऊ छायाचित्रकार स्पष्टतेची खोली कोष्टकातून शिकत नसे. डोक्यावर काळे कापड घेऊन तो दुधी काचेवरील उलटी प्रतिमा न्याहाळी. छिद्र लहान केले की ती प्रतिमा इतकी अंधारे की खोली वाढली की नाही हे दिसणेच कठीण होई. शिवाय कोलोडियनची पट्टी निळ्या प्रकाशालाच मुख्यतः प्रतिसाद देई. भिंग वर्णदोषमुक्त नसेल तर डोळ्याला स्पष्ट दिसलेले स्थान आणि पट्टीवर स्पष्ट उमटलेले स्थान यांत अंतर पडे. अनुभवाने, अंदाजाने आणि बऱ्याच वाया गेलेल्या पट्ट्यांनीच हे ज्ञान मिळत असे.

निसर्गदृश्य टिपणाऱ्यांना हा प्रश्न तुलनेने सुकर होता, कारण डोंगर हलत नाहीत. १८६३ साली भारतात आलेल्या सॅम्युअल बोर्न यांनी हिमालयात मोठ्या काचपट्ट्या आणि तंबूतील अंधारखोली वाहून नेत जी दृश्ये टिपली, त्यांत पुढील खडकापासून मागील बर्फापर्यंत सारे रेखीव दिसते. अशा रेखीवपणाला त्या काळी कारागिरीचा दाखला मानले जाई. धूसर चित्र म्हणजे अडाण्याचे चित्र, हा समज इतका पक्का होता की त्याविरुद्ध बोलणे धाडसाचेच होते.

कॅमेरॉनबाईंचा प्रश्न

हे धाडस केले ते ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी. त्यांचा जन्म १८१५ मध्ये कोलकात्याचा. त्यांचे पती चार्ल्स हे मेकॉलेबरोबर भारतीय विधी आयोगाचे सदस्य होते. इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइट बेटावर स्थायिक झाल्यानंतर १८६३ च्या डिसेंबरात मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. तेव्हा त्यांचे वय ४८ होते. घरातील कोंबड्यांचे खुराडे रिकामे करून त्यांनी त्याचा काचघर म्हणून उपयोग केला, ही हकिकत सुपरिचित आहे. १८६४ च्या जानेवारीत ‘अ‍ॅनी’ नावाच्या मुलीचे चित्र घेतल्यावर आपल्याला प्रथम यश मिळाले, असे त्यांनी नोंदविले.

त्यांचे पहिले भिंग पेट्झवाल पद्धतीचे होते. छिद्र मोठे, चेहरा भिंगाच्या अगदी जवळ, आणि प्रकाश देण्याचा काळ अनेकदा काही मिनिटांचा. येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक वाटते. कॅमेरॉन यांच्या चित्रांतील मार्दव दोन कारणांनी येते. एक कारण कमी खोलीचे आणि दुसरे बसलेल्या व्यक्तीच्या किंचित हालचालीचे. समीक्षक ही दोन्ही एकाच ‘धूसर’ या शब्दात गुंडाळतात आणि मग त्यांच्या निर्णयातील सहेतुकता नेमकी कोठे आहे हे कळेनासे होते. त्यांनी स्वतः १८७४ मध्ये लिहिलेल्या आठवणींत म्हटले आहे ते असे : फोकस जुळविताना प्रतिमा आपल्या डोळ्याला सुंदर वाटली की त्या तेथेच थांबत. इतर छायाचित्रकार आग्रहाने ज्या अधिक रेखीव स्थानापर्यंत भिंग फिरवत नेतात, तेथपर्यंत त्या नेत नसत. आरंभ योगायोगाने झाला हे त्या लपवत नाहीत. थांबणे मात्र त्यांचे स्वतःचे होते.

लंडनच्या छायाचित्रण नियतकालिकांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. चित्रांतील कल्पकतेचे कौतुक करायचे आणि लगेच तंत्राच्या अज्ञानाबद्दल कानउघाडणी करायची, असा त्या टीकेचा सूर होता. १८६४ च्या अखेरीस आपले जुने स्नेही, शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांना लिहिलेल्या पत्रात कॅमेरॉन यांनी विचारले की फोकस म्हणजे तरी काय, आणि कोणता फोकस वैध हे सांगण्याचा अधिकार कोणाला? प्रस्तुत लेखिकेच्या मते छायाचित्रणाच्या तंत्रेतिहासातील हा सर्वांत मार्मिक प्रश्न आहे. त्यात प्रकाशशास्त्राची अनभिज्ञता शोधणाऱ्यांनी प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग वाचलेलाच नसावा. ‘शिकणे’ या शब्दात कोणाकडून शिकणे हेही येते. कॅमेरॉन या प्रौढ वयात, घरी, संस्थेच्या चौकटीबाहेर शिकलेल्या स्त्री होत्या आणि त्यांना नियम सांगणारे बहुतेक सारे धंदेवाईक पुरुष होते.

१८६६ नंतर त्यांनी ३० इंच केंद्रांतराचे मोठे डॅलमायर भिंग वापरले. १८६७ मधील हर्शेल यांचे व्यक्तिचित्र याच कालखंडातले. पांढरे विस्कटलेले केस, डोळ्यांतील ओल आणि काळोखात मावळत गेलेला देह पाहिला म्हणजे कमी खोली हे उणेपण आहे असे म्हणवत नाही. १८७५ मध्ये कॅमेरॉन कुटुंब सिलोनला गेले आणि १८७९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

डोळा खरोखर कसा पाहतो?

कॅमेरॉन यांनी जे डोळ्याला सुंदर वाटते म्हणून केले, त्याला शास्त्राचा आधार देण्याचा प्रयत्न पीटर हेन्री इमर्सन यांनी केला. इमर्सन शिक्षणाने वैद्य. १८८६ मध्ये चित्रकार गुडॉल यांच्यासह त्यांनी नॉरफोकच्या पाणथळ प्रदेशातील जीवनावर चाळीस प्लॅटिनम छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. १८८९ मध्ये ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ हा त्यांचा ग्रंथ आला. हेल्महोल्ट्झच्या शरीरशास्त्रीय प्रकाशविज्ञानाचा हवाला देऊन ते म्हणतात की मानवी डोळा एका क्षणी दृश्याचा फक्त मध्यभाग रेखीवपणे पाहतो आणि सभोवतालचे सारे कमी रेखीव असते. म्हणून छायाचित्रकाराने मुख्य विषयावर फोकस करावा व उर्वरित भाग किंचित मृदू ठेवावा. वस्तूची घडणच नष्ट होईल इतकी धूसरता मात्र त्यांना मान्य नव्हती. ही मर्यादा त्यांचे अनेक अनुयायी सोयीस्करपणे विसरले.

त्यांचे प्रतिपक्षी होते हेन्री पीच रॉबिन्सन. १८५८ मधील ‘फेडिंग अवे’ हे पाच निगेटिव्ह जोडून केलेले मरणासन्न मुलीचे चित्र त्यांचेच. रॉबिन्सन यांचे उत्तर साधे आणि, खरे तर, बिनतोड होते. निरोगी डोळ्याला दृश्याचा कोणताच भाग धूसर दिसत नाही, कारण आपण जिकडे पाहू तिकडे डोळा तत्क्षणी फोकस करतो.

दोघांचेही शरीरशास्त्र आपापल्या जागी खरे आहे. इमर्सन एका क्षणाचा डोळा सांगतात, रॉबिन्सन फिरत्या डोळ्याबद्दल बोलतात. चित्र मात्र क्षणाचेही असते आणि त्यावरून नजर फिरतही असते. छायाचित्रातील धूसर झाडावर प्रेक्षकाने कितीही वेळ दृष्टी रोखली तरी ते झाड स्पष्ट होणार नाही. येथे कमी खोलीचे वर्णन ‘डोळ्यासारखे पाहणे’ असे करणे अपुरे ठरते. छायाचित्रकार प्रेक्षकाला दृश्याचा काही भाग पाहण्यास मज्जाव करीत असतो. पण उलट बाजूही तितकीच नाजूक आहे. रॉबिन्सन यांचा सर्वत्र रेखीव प्रसंग निरनिराळ्या निगेटिव्हच्या जोडकामातून आलेला होता. तो कॅमेऱ्यासमोर त्या स्वरूपात कधी घडलाच नव्हता.

वादाचा शेवट नाट्यमय झाला. हर्टर आणि ड्रिफिल्ड यांच्या १८९० मधील प्रयोगांमुळे आणि एका थोर चित्रकाराशी झालेल्या संभाषणामुळे इमर्सन यांनी आपली मते मागे घेतली. काळी किनार असलेली पुस्तिका छापून त्यांनी स्वतःच्या सिद्धान्ताचा मृत्युलेख लिहिला. तोपर्यंत सिद्धान्त त्यांच्या हातून निसटला होता. १८९२ मध्ये लंडनला ‘लिंक्ड रिंग’ आणि १९०२ मध्ये न्यूयॉर्कला स्टिग्लिट्झ यांचे ‘फोटो-सेसेशन’ स्थापन झाले. चित्रसदृश मृदुता ही कलेची खूण ठरली. तिच्यासाठी मुद्दाम दोष राखलेली मृदू भिंगेही विकली जाऊ लागली. ही मृदुता सबंध चित्रभर सारखी पसरते आणि स्पष्टतेच्या खोलीशी तिचा थेट संबंध नाही, हे नोंदवून पुढे जाऊ.

एफ/६४

प्रतिक्रिया उमटली ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. १५ नोव्हेंबर १९३२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात एका छोट्या मंडळाचे प्रदर्शन उघडले. एडवर्ड वेस्टन, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, इमोजेन कनिंगहॅम, विलर्ड व्हॅन डाइक, सोन्या नोस्कोवियाक, जॉन पॉल एडवर्ड्स आणि हेन्री स्विफ्ट हे त्याचे सात सदस्य होते. मंडळाने नाव घेतले ते थेट छिद्राच्या मापाचे. जुन्या युनिफॉर्म सिस्टिममधील २५६ हा अंक व्हॅन डाइक यांनी प्रथम सुचविला होता आणि अ‍ॅडम्स यांनी त्याचे नव्या पद्धतीतील रूप एफ/६४ पुढे केले, असे सांगितले जाते. एखाद्या कलासंप्रदायाने आपल्या साधनाच्या मापाला ध्वज बनविल्याचे दुसरे उदाहरण सहजी आठवत नाही.

या नावाने एक गैरसमजही पसरविला. एफ/६४ म्हणजे अचाट खोली, असे छोटा कॅमेरा वापरणाऱ्याला वाटते. मंडळातील अनेकांचे कॅमेरे मात्र आठ गुणिले दहा इंचांच्या निगेटिव्हचे होते. एवढ्या मोठ्या निगेटिव्हला साधारण तीनशे मिलिमीटरचे भिंग लागते, आणि केंद्रांतर वाढले की खोली घटते हे वर आलेच आहे. हिशेब केला तर त्या कॅमेऱ्यावरील एफ/६४ आणि पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्यावरील एफ/९ च्या आसपासचे छिद्र यांची खोली जवळपास सारखीच निघते. उलट छोट्या कॅमेऱ्यावर एफ/६४ वापरले तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सबंध चित्रच मऊ होईल. छिद्र लहान करीत जाण्यालाही एक सीमा आहे, हा धडा अतिउत्साही विद्यार्थी बहुधा उशिरा शिकतो.

मंडळाची एकत्रित वाटचाल अल्पकाळच टिकली, तिचा प्रभाव मात्र दीर्घ झाला. अ‍ॅडम्स यांच्या पुस्तकांतून पुढील पिढ्या तंत्र शिकल्या आणि त्या तंत्राबरोबर सर्वत्र रेखीवपणा हा जणू प्रामाणिकपणाचाच पर्याय म्हणून शिकल्या. ‘कॅमेरा क्राफ्ट’ या नियतकालिकात विल्यम मॉर्टेन्सन यांनी मृदू, रंगभूमीसदृश चित्रांची बाजू मांडली. अ‍ॅडम्स यांच्याशी त्यांचे खटके कडवट झाले. नंतरच्या प्रमाण इतिहासग्रंथांत मॉर्टेन्सन यांना जागाच उरली नाही. एका बाजूने वाद जिंकला म्हणजे दुसरी बाजू असत्य होती असे ठरत नाही. पण इतिहास बहुधा जिंकलेल्याच्या भिंगातून लिहिला जातो, आणि ते भिंग एफ/६४ वर ठेवलेले असले तरी त्यातून सारेच दिसते असे नाही.

ज्यांना शिकावेच लागले नाही

आतापर्यंतची चर्चा मूठभर कलावंतांची झाली. लक्षावधी लोकांच्या बाबतीत हा प्रश्न परस्पर सोडविला गेला. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आणि १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला. या कॅमेऱ्यांत फोकस जुळविण्याची सोयच नव्हती. छिद्र लहान, केंद्रांतर कमी आणि भिंग अशा अंतरावर कायमचे बसविलेले, की काही पावलांपलीकडील सारे पुरेसे स्पष्ट यावे. या अंतराला ‘हायपरफोकल’ अंतर म्हणतात. पन्नास मिलिमीटर भिंगासाठी एफ/८ ला ते सुमारे १०.४ मीटर येते. तेथे फोकस ठेवला की त्याच्या निम्म्या अंतरापासून क्षितिजापर्यंत सर्व स्पष्ट मिळते. भारतात अनेक घरांतील पहिली कौटुंबिक छायाचित्रे ज्या ‘आगफा क्लिक थ्री’ने टिपली, त्याचेही तत्त्व हेच होते. आजीपासून मागच्या तुळशीवृंदावनापर्यंत सर्वांना समान न्याय! निर्णय कारखान्यात झालेला असे.

दरम्यान १९२५ मध्ये लायपझिगच्या जत्रेत लायका बाजारात आला आणि पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यांनी एक मधली वाट काढली. त्यांच्या भिंगांवर अंतराच्या आकड्यांशेजारी दोन्ही बाजूंना एफ अंकांच्या रेषा कोरलेल्या असत. छिद्र एफ/११ असेल तर दोन ११ च्या मधील अंतरे स्पष्ट येणार, हे कॅमेरा डोळ्याला न लावताही वाचता येई. स्पष्टतेच्या खोलीचे शिक्षण इतक्या सुटसुटीत रूपात त्यापूर्वी उपलब्ध नव्हते. रस्त्यावर काम करणारा वृत्तछायाचित्रकार अंतर आधीच बेतून ठेवी आणि प्रसंग घडताच नुसता कळ दाबी. १९८५ नंतर स्वयंचलित फोकसचे कॅमेरे आणि झूम भिंगे सर्वत्र झाली, तसे हे कोरलेले मापन अनेक भिंगांवरून गळाले. सोय वाढली आणि एक पाटी पुसली गेली.

चित्रपटातील खोली

स्पष्टतेच्या खोलीवरील सर्वांत गंभीर तात्त्विक चर्चा चित्रपटाच्या निमित्ताने झाली. ऑर्सन वेल्स यांच्या १९४१ मधील ‘सिटिझन केन’चे छायालेखक ग्रेग टोलंड यांनी रुंद कोनाची भिंगे, लेप दिलेली काच, जलद फिल्म आणि प्रखर दिवे एकत्र आणून एफ/८ किंवा त्याहून लहान छिद्रावर आतील दृश्ये घेतली. लाकडी घरात आई कागदांवर सही करते आहे, वडील मधल्या जागेत तक्रार करीत उभे आहेत आणि दूर खिडकीबाहेर बर्फात लहानगा केन खेळतो आहे. तिन्ही स्तर रेखीव आहेत. ज्याचे भवितव्य आत ठरते आहे, तो मुलगा चौकटीतील सर्वांत छोटी आकृती आहे, आणि तो स्पष्ट दिसतो म्हणूनच प्रसंग बोचतो. तो धूसर असता तर दिग्दर्शकाने प्रेक्षकाला त्याला विसरण्याची मुभा दिली असती.

फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी या पद्धतीत प्रेक्षकाचे स्वातंत्र्य पाहिले. सर्व स्तर स्पष्ट असले की कोठे पाहावे हे प्रेक्षक ठरवितो आणि वास्तवातील संदिग्धता शिल्लक राहते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. विल्यम वायलर यांच्या १९४६ मधील ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये पुढे पियानो वाजतो आहे आणि खऱ्या अर्थाने निर्णायक असा दूरध्वनी मागच्या टोकाच्या कपाटवजा खोलीत चालला आहे. बाझँ यांचे हे आवडते उदाहरण, आणि छायालेखक पुन्हा टोलंडच.

परंतु ‘केन’मधील एका प्रसिद्ध दृश्याने या सिद्धान्ताला अडचणीत टाकले आहे. सुझनने विष घेतले आहे. अगदी पुढे मोठा पेला, मध्ये अंथरुणावरील ती, मागे दार फोडून येणारा केन. बाझँ यांनी हे दृश्य सखोल फोकसचा नमुना म्हणून विशद केले. प्रत्यक्षात ते एकाच वेळी घेतलेले नाही. फिल्म मागे गुंडाळून दोनदा प्रकाश देऊन ते कॅमेऱ्यातच जोडले गेले. चित्रपटातील अन्य काही दृश्येही अशीच जोडलेली असून त्यांत ऑप्टिकल प्रिंटरचा वाटा आहे. रॉबिन्सन यांच्या पाच निगेटिव्ह येथे अनपेक्षितपणे आठवतात. प्रेक्षकाचे स्वातंत्र्य यामुळे खोटे ठरते असे मला वाटत नाही, कारण त्याची नजर चौकटीत फिरते ती फिरतेच. मात्र खोली आणि वास्तव यांचे जे लग्न बाझँ यांनी लावून दिले होते, ते कारागिरांनी आधीच मोडून ठेवले होते असे म्हणावे लागते.

दुसरे टोक १९७५ मध्ये स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘बॅरी लिंडन’ने गाठले. मेणबत्त्यांच्याच प्रकाशात दृश्ये घेण्यासाठी त्यांनी मूळ नासासाठी घडविलेली झाइसची पन्नास मिलिमीटर, एफ/०.७ भिंगे मिळविली. एवढ्या छिद्रावर दोन मीटर अंतरावर सूत्रानुसार जेमतेम काही सेंटिमीटर खोली उरते. नट पुढे झुकला की चेहरा हरवे. फोकस सांभाळणाऱ्याने बाजूने काटकोनात व्हिडिओ कॅमेरा लावून नटाचे अंतर मोजत राहण्याची युक्ती केली, आणि नटांना जवळजवळ निश्चल बसविले गेले. अठराव्या शतकातील दरबारी ताठरपणा म्हणून समीक्षक ज्याचे कौतुक करतात, त्याचा काही अंश तरी भिंगाच्या या सक्तीतून आला असावा. पेट्झवालच्या भिंगापुढे श्वास रोखून बसलेल्या माणसांची येथे आठवण होते.

मोजलेली धूसरता

१९९७ मध्ये एका अमेरिकन छायाचित्रण नियतकालिकाने ‘बोके’ हा जपानी शब्द इंग्रजी वाचकांना परिचित करून दिला. चित्रातील धूसर भागाचा पोत चांगला की वाईट याचीच त्यात चर्चा होती. धूसरतेला स्वतंत्र गुण मानणारी संज्ञा प्रचारात यावयास छायाचित्रणाच्या जन्मापासून दीडशेहून अधिक वर्षे लागली.

त्यानंतरचा बदल अधिक मूलगामी आहे. मोबाइल फोनमधील भिंगाचे केंद्रांतर काही मिलिमीटर आणि संवेदक नखाएवढा असतो. सव्वा मीटरच्या पलीकडील बहुतेक सारे त्यात आपोआप स्पष्ट येते. या अर्थी तो ब्राउनीचा वंशज आहे. १९ व्या शतकात खोली मिळविण्यासाठी धडपड होती, येथे ती घालविण्याची आहे. २०१६ मध्ये आयफोन सेव्हन प्लसने दोन भिंगांच्या साहाय्याने अंतरांचा नकाशा तयार करून पार्श्वभूमी आकडेमोडीने धूसर करण्यास आरंभ केला. वर्गातील विद्यार्थ्यांना आज ही धूसरता भिंगातून येते असेच वाटते. कुरळ्या केसांच्या किंवा चष्म्याच्या कडेशी गणित चुकते तेव्हा त्यांना प्रथम शंका येते, आणि छिद्राचा धडा शिकवावयास हीच शंका सर्वांत उपयोगी पडते.

२०१८ च्या मॉडेलांपासून तर चित्र घेऊन झाल्यावरही ही खोली बदलता येऊ लागली. बोटाने सरकविण्याच्या त्या पट्टीवर एफ/१.४ पासून एफ/१६ पर्यंतचे अंक छापलेले असतात. फोनमधील छिद्र या काळात तसूभरही हललेले नसते.